पेसाहचा सेदर आपल्या घरचा कसा करावा: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

पेसाह हा मिसरातल्या दास्यातून सुटल्याचा सण, आणि सेदर म्हणजे त्या रात्रीचं पंधरा पायऱ्यांचं घरगुती विधीचं जेवण. त्या रात्री आपल्या मराठी यहुदी घरांत बहुधा दोनपैकी एक प्रकार होतो. एक तर घरातलं ज्येष्ठ माणूस हगादा, म्हणजे सेदरचं पुस्तक, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत हिब्रूत भराभर वाचतं, बाकीचे पान शोधत राहतात आणि पोरं मत्सा (बिनखमिराची रोटी) हातात यायच्या आधीच पेंगतात. नाहीतर घरातला एखादा उत्साही तरुण "यंदा काहीतरी वेगळं करू" म्हणत हगादा मिटून ठेवतो, स्वातंत्र्य या विषयावर थोडं बोलणं होतं आणि साडेनऊला सगळे जेवून मोकळे. दोन्ही घरांत दुसऱ्या दिवशी तक्रार एकच असते: सण झाला, पण मनाला काही लागलं नाही.

दुसरा प्रकार अलीकडे वाढलाय, म्हणून हे लिहायला घेतलं. सेदरमध्ये स्वतःचं काही आणायला जागा मुळातच ठेवलेली आहे. ती मग्गीदमध्ये, म्हणजे गोष्ट सांगण्याच्या भागात आहे, पंधरापैकी पाचव्या पायरीवर. तिथे पोचायला आधीच्या चार पायऱ्या कराव्या लागतात आणि तिथे काय मांडायचं ते सूर्यास्ताच्या आत तयार असावं लागतं, कारण सण लागला की परंपरा पाळणाऱ्या घरात लिहिणं बंद, फोनही बंद. ऐनवेळी सुचेल तसं बोलू म्हणणाऱ्यांचं इथेच अडतं.

खालचा क्रम भारतातल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, घराला धरून आहे. सासर-माहेर बगदादी (इराककडचे यहुदी) किंवा अश्कनाझी (युरोपकडचे यहुदी) असेल तर कुठे फरक पडतो, तेही जागोजागी सांगितलंय.

## टप्पा १: तारीख आणि माणसं (महिनाभर आधी)

पेसाह निसान महिन्याच्या १५ तारखेला, म्हणजे पौर्णिमेला येतो. हिब्रू पंचांगातही अधिक महिना असतो, १९ वर्षांत ७ वेळा. त्यामुळे सण बहुतेक वर्षी हनुमान जयंतीच्या आगेमागे पडतो, क्वचित होळीपौर्णिमेच्या. २०२७ मध्ये पहिला सेदर २१ एप्रिल, बुधवारी संध्याकाळी आहे.

नेहमीची चूक: कॅलेंडरवर २२ एप्रिलला पेसाह छापलेला बघून त्याच रात्री पहिला सेदर मांडणं. दिवस आदल्या सूर्यास्तालाच सुरू होतो.

भारतात सेदर दोन आणि सण आठ दिवसांचा, इस्राएलमध्ये सेदर एक आणि सण सात दिवसांचा. लोद किंवा अश्दोदचे नातेवाईक या दिवसांत मुंबईत असतील तर त्यांनी काय करायचं ते हज्जानांना (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना) आधीच विचारून घ्या. दोन रात्रींचा एक फायदा मात्र आहे. घरात मोठ्यांना जुनी पद्धत तसूभरही हलवायची नसेल तर पहिली रात्र त्यांच्या मनासारखी होऊ द्या आणि खालच्या तिसऱ्या टप्प्यातली चार वाक्यं दुसऱ्या रात्री वाचा. भांडून मिळवलेल्या सेदरमध्ये कुणीच मोकळं बोलत नाही.

माणसंही आत्ताच ठरवा. मग्गीदच्या सुरुवातीला "जो भुकेला असेल त्याने यावं आणि खावं" असं आपण म्हणतो, पण तेव्हा रात्र झालेली असते आणि दार बंद असतं. आमंत्रण द्यायची खरी वेळ ही आहे. एकटी राहणारी मावशी, शहरात नव्याने आलेला विद्यार्थी, यांना फोन करा. गरजू घरांच्या मत्सांसाठी पैसे द्यायचे असतील तर तेही सणाच्या आधी द्या.

## टप्पा २: खमीर बाहेर (दोन आठवडे आधीपासून)

गहू, सातू, ओट, राय आणि स्पेल्ट या पाच धान्यांना पाणी लागून ते फुगलं की ते खमीर, आणि ते या सणात घरात नको. पाव, बिस्किटं, रवा, शेवया, बिअर हे सगळ्यांना आठवतं. मराठी स्वयंपाकघरात हमखास सुटणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात:

- हिंग. बाजारातल्या बहुतेक डब्यांतल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबीवरची यादी वाचा.
- थालीपिठाची भाजणी. तिच्यात गहू असतो.
- सोया सॉस. बऱ्याच ब्रँडमध्ये गहू असतो.
- कणकेचा डबा काढला, पण पोळपाट-लाटणं तिथेच राहिलं.

ज्वारी, बाजरी आणि तांदूळ ही पाच धान्यांत नाहीत. आपल्याकडे पेसाहमध्ये भात चालतो, फक्त तांदूळ नीट निवडून घ्यायचा. अश्कनाझी घरात मात्र भात आणि डाळी दोन्ही चालत नाहीत. पाहुणे तसे असतील तर आधी विचारा. पंक्तीत बसल्यावर विचारून उपयोग नाही.

कोकणात जुनी माणसं या सणाला "अनाशी ढाकाचा सण" म्हणत आणि आंबट कालवणाचं मडकं झाकून ठेवत. आधी घर रंगवायचं, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावून घ्यायची, असाही रिवाज होता. आता कल्हईवाला शोधत बसायची गरज नाही, पण घरातल्या प्रत्येकाला एक कपाट किंवा खण वाटून द्या. सफाई एकट्या बाईच्या अंगावर पडली की तिच्यासाठी सेदरच्या रात्रीचा अर्थ "सुटले एकदाची" एवढाच उरतो.

आदल्या रात्री दिवा किंवा मेणबत्ती घेऊन घर शोधायचं. पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून ठेवायची चाल आहे, म्हणजे शोध रिकामा जात नाही. शोधून झालं की "न दिसलेलं खमीर मातीमोल समजावं" असं जाहीर करायचं. हे वाक्य अरामीत (हिब्रूच्या जवळच्या जुन्या भाषेत) छापलेलं असतं आणि लोक ते मंत्रासारखं म्हणून टाकतात. नियम असा आहे की म्हणणाऱ्याला त्याचा अर्थ कळला पाहिजे. अरामी येत नसेल तर मराठीत म्हणा, ते पुरेपूर चालतं.

तपासा: कागदात गुंडाळलेले सगळे तुकडे सापडले का? ठेवणाऱ्याने यादी केली नसेल तर नववा आणि दहावा शोधत रात्रीचे बारा वाजतात.

## टप्पा ३: घरची चार वाक्यं (दहा दिवस आधी)

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

गोष्ट कशी सांगायची याचा मिश्नातला (जुन्या यहुदी नियमग्रंथातला) नियम छोटा आहे: हीन स्थितीपासून सुरुवात, स्तुतीवर शेवट. त्यासाठी हगादा तोरातल्या (मोशेच्या पाच ग्रंथांतल्या) "अनुवाद" नावाच्या पाचव्या ग्रंथाची चार वचनं घेते (अध्याय २६, वचनं ५ ते ८) आणि एकेक शब्द उलगडत जाते. पहिल्यात बाप भटका अरामी होता, थोडी माणसं घेऊन मिसर देशात गेला. दुसऱ्यात तिथल्या लोकांनी छळलं. तिसऱ्यात आम्ही हाक मारली आणि ती ऐकली गेली. चौथ्यात आम्ही बाहेर निघालो.

याच साच्यात आपल्या घराची चार वाक्यं लिहायची:

१. आम्ही कोण होतो, कुठून निघालो.
२. काय सोसलं.
३. कुणाला हाक मारली, कुणी ऐकलं.
४. बाहेर कसे पडलो.

एक नमुना देतो. "पणजोबांचा रोह्याजवळ तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असे. आजोबा इस्राएलला गेले, तर तिथे लग्नाच्या वेळी बेने इस्राएल पुरते यहुदी आहेत की नाहीत, असा प्रश्न काढला गेला. लोक यरुशलेममध्ये धरणं धरून बसले, गोष्ट कनेसेट या तिथल्या संसदेपर्यंत गेली. १९६४ मध्ये सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतीत यहुदी आहेत." चारच वाक्यं आहेत, पण बारा वर्षांचं पोर त्यावर डझनभर प्रश्न विचारू शकतं.

गोष्ट इतिहासातलीच असायला हवी असं नाही. गिरणी बंद पडल्यावरची वर्षं, आईचं आजारपण, सुटलेली दारू, फिटलेलं कर्ज, हेही चालतं. अट एवढीच की चारही वाक्यं असावीत. बरेच लोक पहिलं आणि दुसरं गाळून थेट यशाची गोष्ट सांगतात, मग तो सत्कार समारंभ वाटतो. काही दुसऱ्यावरच अडकून बसतात. आणि तिसरं वाक्य जवळपास सगळेच विसरतात. कुणीतरी मदत केली होती, त्या माणसाचं नाव या रात्री घ्यायचं असतं.

चौथं वाक्य अजून घडलंच नसेल तर? खटला चालू आहे, नोकरी नाही, घरातलं माणूस अंथरुणाला खिळलंय. अशा घरासाठी हगादाने सोय करून ठेवली आहे. मग्गीदच्या पहिल्याच परिच्छेदाचा शेवट असा आहे: यंदा दास, पुढच्या वर्षी मोकळे. ते वाक्य चौथ्याच्या जागी ठेवा. खोटा आनंद आणू नका.

सावधान: दुसऱ्याची गोष्ट त्याला न विचारता टेबलावर आणू नका. घटस्फोट, आजार, पैशांची बाब तर मुळीच नाही.

आजी-आजोबांकडून गोष्ट काढायची असेल तर ती या आठवड्यात काढा, फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. सेदरच्या रात्री ते थकलेले असतात, शिवाय तेव्हा मुद्रण करता येत नाही. ऐकताना "तेव्हा कसं वाटलं?" असं विचारू नका, उत्तर "काय वाटणार?" एवढंच येतं. "बोटीवर काय खाल्लंत?", "ट्रंकेत काय काय होतं?" असं विचारा.

शेवटी चार वाक्यं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहा आणि कागद हगादात ठेवा. वेगळ्या चिठ्ठ्यांवर पाहुण्यांसाठी पाच-सहा प्रश्नही लिहून ठेवा.

## टप्पा ४: सेदरचं ताट आणि हगादा (आठवडाभर आधी)

मत्सा सिनेगॉगमार्फत वेळेवर नोंदवा. ताटात काय काय लागतं ते हगादाच्या सुरुवातीला दिलेलं असतं: भाजलेलं हाड, भाजलेलं अंडं, मारोर (कडू पालेभाजी), हारोसेत (गोड चटणी), कर्पस (मिठाच्या पाण्यात बुडवायची भाजी). शेजारी तीन मत्सा झाकून आणि मिठाचं पाणी. हारोसेत आपल्याकडे खजुराचं करतात, खजूर शिजवून घोटून घट्ट करायचा.

मारोरच्या बाबतीत मात्र गफलती होतात. कडू म्हणजे कारलं, असं धरून काही घरांत कारल्याच्या चकत्या मांडतात. मिश्नात मारोरसाठी पाच वनस्पतींची नावं आहेत, त्यात कारलं नाही. लांब पानांचं लेट्यूस घ्या, ते शहरात सहज मिळतं. ते कच्चंच हवं. शिजवलेलं किंवा लोणच्यात मुरलेलं चालत नाही. पानं आदल्या दिवशी धुऊन उजेडात किडे बघून घ्या.

सेदरमध्ये प्रत्येकाने प्यायच्या चार पेल्यांसाठी वाइन हवीच असं नाही. काळ्या मनुका रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं शरबत आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या किद्दुशला (पेल्यावरच्या आशीर्वादाला) वापरतात. पाणी बेताचं घाला, नाहीतर ते मनुकांचं पाणी होतं, शरबत होत नाही. पेला लहान चालतो, पण साधारण ८६ मिलिलिटरच्या खाली नको. काही मतांप्रमाणे १५० लागतात.

हगादा सगळ्यांच्या हातात एकाच आवृत्तीची असेल असं बघा. तीन वेगवेगळी पुस्तकं म्हणजे रात्रभर "कुठल्या पानावर?" चालू. हिब्रूशेजारी मराठी असेल तर उत्तम. हगादा मराठीत वाचणं ही काही पळवाट नाही: मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये मराठी भाषांतरासह हगादा छापून झाली होती, आणि पुण्याच्या आवृत्तीतल्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका मत्सा करताना दिसतात.

## टप्पा ५: शेवटचा दिवस

इथे क्रम चुकला की सगळं कोलमडतं.

१. सकाळी दहाच्या सुमारास खमिराचं शेवटचं खाणं, अकराच्या सुमारास उरलेलं जाळणं. नेमक्या वेळा गावाप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतात, सिनेगॉगच्या पत्रकात बघा. जाळल्यावर पुन्हा ते वाक्य म्हणायचं, या वेळी दिसलेल्या आणि न दिसलेल्या सगळ्या खमिरासाठी.
२. दिवसभरात मत्सा खायची नाही. ती रात्री भुकेनेच खायची असते.
३. हाड आणि अंडं दुपारीच भाजा, मिठाचं पाणी करून ठेवा.
४. मुलांना दुपारी झोपवा. हे चुकलं तर पुढचं सगळं फुकट.
५. दिवे सूर्यास्ताआधी लावा.

पहिलं अपत्य मुलगा असेल तर त्याचा या दिवशी उपास असतो. सकाळी सिनेगॉगमध्ये अध्ययनाच्या समाप्तीला बसलं तर तो सुटतो. १४ निसान शनिवारी आली, तर वरचं बरंचसं वेळापत्रक बदलतं. त्या वर्षी अंदाजाने चालू नका.

तपासा, सूर्यास्ताआधी: चार वाक्यांचा कागद हगादात आहे? प्रश्नांच्या चिठ्ठ्या टेबलावर आहेत? मधली मत्सा मोडून ठेवायला कापड आहे? डाव्या कुशीवर टेकायला उशा आहेत?

## टप्पा ६: कद्देश, उरहत्स, कर्पस, यहत्स

रात्र पडल्यावरच सुरुवात करायची. मुंबईत एप्रिलमध्ये साडेसातला बसता येतं. तेव्हाच बसा, सिनेगॉगहून आल्यावर गप्पांत तासभर घालवू नका.

पहिला पेला, मग आशीर्वाद न म्हणता हात धुणं, मग मिठाच्या पाण्यात बुडवलेला भाजीचा लहानसा तुकडा, मग मधल्या मत्साचे दोन भाग करून मोठा भाग बाजूला गुंडाळणं. हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत होतं. इथे अर्थ समजावत बसू नका. जेवणाआधी भाजी बुडवून खाणं, मत्सा मोडून पुन्हा झाकून ठेवणं, हे मुलांना विचित्र वाटावं म्हणूनच आहे. त्यांनी "असं का?" विचारायच्या आधी तुम्ही उत्तर दिलंत तर प्रश्न मेला.

## टप्पा ७: मग्गीद

दुसरा पेला भरायचा आणि सगळ्यात लहान मुलाने "मा निश्तना" ("ही रात्र वेगळी का?" हे ठरलेले प्रश्न) म्हणायचं. मूल नसेल तर बायको विचारते, कुणीच नसेल तर माणसाने स्वतःला विचारायचं. तालमूदमध्येच (मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात) तसं सांगितलंय. एकट्याने सेदर करणाऱ्याने हा भाग मनात न ठेवता तोंडाने म्हणावा.

पाठ केलेले प्रश्न झाले की लगेच उत्तराकडे जाऊ नका. टेबलावरच्या चिठ्ठ्या इथे वाटा. चिठ्ठीवरचे प्रश्न साधे ठेवा: "या वर्षी तुला कशातून बाहेर पडायचं होतं?" "घरातली कुठली गोष्ट तुला कधीच कुणी सांगितली नाही?" उत्तर द्यायची सक्ती नको.

हगादातला चार मुलांचा (शहाणा, दुष्ट, साधा आणि विचारता न येणारा) भाग आला की एक वाईट खोड दिसते. शहाणा कोण, दुष्ट कोण हे टेबलावरच्या माणसांत वाटलं जातं आणि कुणीतरी दुखावतं. विशेषतः धर्मापासून लांब गेलेला भाचा किंवा दुसऱ्या समाजातून आलेली सून. हा भाग प्रत्येकाने स्वतःबद्दल वाचावा: वर्षभरात मी या चौघांपैकी कधी कोण होतो?

"अरामी ओबेद अवी" (बाप भटका अरामी होता) हे वचन आलं की थांबा. हगादातली चार वचनं पूर्ण वाचा आणि मग आपला कागद काढा. आधी त्यांची गोष्ट, मग आपली. उलटं केलं तर मूळ गोष्ट नंतर कुणी ऐकत नाही. दहा मिनिटं पुरेत. लांबत चाललं तर उरलेलं दुसऱ्या रात्रीवर ठेवा.

बगदादी घरांत या भागात एक मूल खांद्यावर मत्साची पुरचुंडी घेऊन येतं. "कुठून आलास?" "मिसरातून." "कुठे निघालास?" "यरुशलेमला." लहान मुलं असतील तर हे खुशाल उचला. आणि तिसरा प्रश्न जोडा: "पुरचुंडीत काय आहे?" मुलांची उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

मिसरावर आलेल्या दहा पीडा वाचताना पेल्यातून दहा थेंब काढायचे. मग दाय्येनू हे गाणं. लोक कंटाळले असतील तर मधलं थोडं कमी करा, पण एक गोष्ट गाळायची नाही: जुना धर्मगुरू रब्बान गमलिएल म्हणतो की पेसाह (म्हणजे इथे सणाच्या बळीचं कोकरू), मत्सा आणि मारोर या तिघांबद्दल जो बोलला नाही त्याचं कर्तव्य पुरं झालं नाही. घाईच्या घरात नेमकं हेच वगळतात, कारण तोवर जेवणाचा वास येत असतो.

त्याच्या पाठोपाठ येतं ते वचन की प्रत्येक पिढीत माणसाने स्वतःला, जणू आपणच मिसरातून बाहेर निघालो, असं पाहावं. हे मराठीत, सावकाश, एकाच माणसाने वाचावं.

तपासा, दुसऱ्या पेल्याआधी: मुलांचा एखादा तरी प्रश्न आला का? पेसाह, मत्सा, मारोर यांबद्दल बोलून झालं का? चार वाक्यं वाचली का? तीनही "हो" असतील तर पुढे चला.

## टप्पा ८: रहत्सा ते शुल्हान ओरेख

आता आशीर्वाद म्हणून हात धुणं, मत्सा, मग हारोसेतमध्ये बुडवलेला मारोर, मग दोन्ही एकत्र. मत्सा आणि पेले डाव्या कुशीला टेकून, मारोर मात्र न टेकता. मारोर हारोसेतमध्ये बुडवून झटकायचा, खजुरात लोळवायचा नाही, नाहीतर कडू लागतच नाही. मत्सा तोंडात असताना एक-दोन मिनिटं कुणी बोलू नये असं सांगून ठेवा.

जेवताना गप्पा मनसोक्त होऊ द्या. फक्त घड्याळावर लक्ष ठेवा.

## टप्पा ९: त्साफून ते निर्त्सा

बाजूला ठेवलेली अर्धी मत्सा मध्यरात्रीच्या आत खायची असते, आणि ही मध्यरात्र घड्याळातल्या बाराची नसते. सूर्यास्त ते सूर्योदय यांचा मध्य धरतात. मुंबईत तो एप्रिलमध्ये बारा चाळीसच्या जवळपास येतो. त्यानंतर काही खायचं नाही. गोड पदार्थ आधीच आटपा.

अनेक घरांत इथे दार उघडतात आणि एलियाहू हन्नाबीसाठी, म्हणजे संदेष्टा एलियासाठी, पेला ठेवतात. एलियाहू हन्नाबीचं नाव आपल्या घरांत मलिद्याच्या (नवस-शुभकार्यातल्या नैवेद्याच्या) वेळी कायम निघतं, त्यामुळे पेंगुळलेलं पोरही या क्षणी जागं होतं. दार त्यालाच उघडू द्या.

जेवणानंतर पुस्तक मिटणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. अजून दोन पेले आणि हल्लेल (स्तुतीची स्तोत्रं) बाकी असतो, आणि वर लिहिलेल्या चौथ्या वाक्याची स्तुतीची बाजू इथेच येते. सगळं म्हणवत नसेल तर जी चाल घरात सर्वांना येते ती दोन-तीन स्तोत्रं गा, वाचू नका.

## सणानंतर

दुसऱ्या रात्रीपासून ओमेर मोजायला लागतात, म्हणजे शाबुओत या पुढच्या सणापर्यंतचे ४९ दिवस. रोज रात्री मोजताना चार वाक्यांपैकी एखाद्यात राहून गेलेलं काही आठवलं तर ते घरच्यांना सांगा.

आठ दिवस संपले की मगच कागद-पेन काढा. चिठ्ठ्यांवर कोण काय म्हणालं, आजीने कुठलं नाव घेतलं, कुठल्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, हे तारीख घालून लिहा आणि हगादातच ठेवा. त्याच कागदाच्या मागे किती मत्सा लागल्या, शरबत कुणाला कमी पडलं आणि कुठल्या खणात हिंगाची डबी राहून गेली होती, तेही टिपून ठेवा.